काठाला काठ

चैत्र लागला की आमच्या खामगावच्या गल्लीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. कडुनिंबाचा मोहर अंगणात गळायला लागतो आणि परीक्षेची पोरं मोठमोठ्यानं भूगोल पाठ करायला लागतात. यंदा समोरच्या घरात सातवीतली एक मुलगी आहे. सकाळी सहाला ती गच्चीवर येते, डोळे मिटते आणि एका दमात म्हणते, "वाळवंटी प्रदेशात दिवसा उष्णता फार असते, पाऊस अत्यल्प पडतो, त्यामुळे तेथील लोक..." पुढचं तिला आठवत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. मी तीस वर्षं भूगोल शिकवला. खरं तर गॅलरीत उभं राहून पुढचं वाक्य मीच तिला सांगायला हवं. मी उठते आणि खिडकी लावून घेते.

एक म्हातारी बाई एका धड्याला भिते, हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण साठेक वर्षांपूर्वीचा एक चैत्र दर चैत्रात मला येऊन गाठतो, आणि त्याच्यापुढं खिडकीचं काही चालत नाही.

माझं गाव आता संग्रामपूर तालुक्यात मोडतं. उत्तरेला सातपुडा निळा दिसतो, पूर्वेला वान नदी वाहते. मधली जमीन काळीभोर, कापसाला आणि ज्वारीला चांगली, पण पोटात मीठ बाळगणारी. कुठंही खणा, पाणी खारंच. त्या पाण्यात तुरीची दाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. सोयरीक ठरवताना मुलीचा बाप शेतीबरोबर हेही विचारून घ्यायचा, की तुमच्याकडं पाणी कोणतं? गावात अशा खाऱ्या विहिरी पाच-सहा होत्या. कशी कोण जाणे, मारुतीच्या देवळामागं एकाच विहिरीला गोडं पाणी लागलं होतं. तिला आम्ही गोडी विहीर म्हणत असू. नवसाला पावलेल्या देवासारखा तिचा थाट होता. पाडव्याला तिला हळदकुंकू वाहायचे, आणि चप्पल घालून तिच्या ओट्यावर कुणी चढत नसे.

महाराष्ट्र होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. शाळेतला नकाशा मात्र जुना होता. त्यात आम्ही अजून मध्य प्रदेशात होतो. शेख गुरुजींनी लाल शाईनं त्याच्यावर नवी सरहद्द काढली होती, जरा वाकडीच. माझ्या आजोबांच्या बोलण्यात निजामाचा वऱ्हाड यायचा. वडील मध्य प्रांतात शिकले. मी शाळेत गेले ती मुंबई राज्यात आणि सातवीला बसले ती महाराष्ट्रात. एवढी राज्यं डोक्यावरून गेली, पण गाव जागचं हललं नाही. गोड्या विहिरीच्या ओट्याखाली एक चपटा काळा दगड होता, तोही हलला नाही. महारवाड्यातल्या बायांनी त्या दगडापाशी घागर ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली की तिनं वरून पाणी ओतायचं, अशी रीत होती. भांड्याला भांडं लागता कामा नये. ओतणारीचा हात एक वीत वर.

मी सातवीला आले तोवर त्या दगडापाशी कुणी उभं राहत नव्हतं. वाड्यातली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. त्यांनी वाड्याला बौद्धपुरा म्हणायला सुरुवात केली आणि एका बैठकीत ठरवलं की यापुढं मागून पाणी घ्यायचं नाही. स्वतःच्या हातांनी त्यांनी विहीर खणली. तिलाही खारंच पाणी लागलं. ते तेच पिऊ लागले. आमच्या गावानं या गोष्टीवर वाद घातला नाही की भांडण केलं नाही. गावाला सुटल्यासारखं झालं. माझी माय भाकरी थापता थापता म्हणाली होती, "ते मागत नाहीत, तं आपन काऊन द्यावं? त्याईचा धरम येगळा, त्याईची इहीर येगळी." मला ते अगदी रास्त वाटलं होतं. माय वाईट बाई नव्हती. दारी आलेल्या भिकाऱ्याला तिनं कधी रिकाम्या हातानं परत लावलं नाही.

विमल त्या बौद्धपुऱ्यातली. सातवीच्या वर्गात आम्ही दोघीच मुली, बाकी सगळे पोट्टे. दोघींत एकच नकाशाचं पुस्तक, म्हणून बसायचंही शेजारी. ती माझ्याहून हुशार होती, हे मी आता सहज लिहिते. तेव्हा त्याचा विचारही मला सोसत नसे. तिला नकाशे डोळे मिटून काढता यायचे. पाटीवर पेन्सिल ठेवायची आणि अरबस्तान एका रेषेत पुरा करायची. मी पट्टी घेऊन बसायची आणि माझा अरबस्तान दरवेळी आफ्रिकेला जाऊन चिकटायचा. ती हसायची. "असू दे वं कुसमे, उंटं पायी पायी जातीन इकडून तिकडं."

शेख गुरुजी भूगोल शिकवायचे ते गोष्ट सांगितल्यासारखं. पुस्तक मिटून ठेवायचे, टोपी मागं सरकवायचे आणि म्हणायचे, "पोट्टेहो, ध्यानात ठेवा. जमीन, गुजरलेला जमाना आन् धरम, या तिघाईनं मिळून मानूस घडते." मग आम्हाला देशोदेशी हिंडवून आणायचे. जपानात भुई हालते, म्हणून ते लोक घर हलकं बांधतात आणि पसारा कमी ठेवतात. हॉलंडात जमीन समुद्राच्या खाली, एकाचा बांध फुटला की साऱ्यांची वावरं बुडतात, म्हणून ते भांडतभांडत का होईना एका जागी बसून ठरवतात. आणि अरबस्तानात पाणी नाही. तिथं तहानलेला माणूस दाराशी आला तर तो कोण, कुठला, दोस्त का दुश्मन, हे विचारायच्या आधी त्याला पाणी द्यायचं. "काऊन?" गुरुजी बोट वर करायचे. "काऊन का आज तो तहानला हाय, उद्या आपन तहानू. आधी वाळवंटानं शिकवलं, मंग धरमानं पक्कं केलं." हा प्रश्न परीक्षेला येतोच, असं ते दरवर्षी सांगत आणि तो दरवर्षी यायचाच असंही नाही.

धडा संपला की शाळेतल्या माठातलं पाणी. ओगराळं एकच, ते गुरुजींच्या हातात. ते सगळ्यांना ओंजळीत वरून पाणी द्यायचे, पाटलाच्या पोरालाही आणि विमललाही. त्यामुळं शाळेत वरून पाणी पिण्याचं कुणाला काही वाटत नसे. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत या माठाच्या आधारानं घालत आले.

परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा विमलची आई बाळंत झाली, मुलगा झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला हगवण लागली. नर्सबाई सायकलवर येऊन बघून गेली आणि सांगून गेली, खारं पाणी एक थेंब देऊ नका, गोडं पाणी उकळून गार करून घोट घोट पाजत राहा, नाहीतर बाई हाती लागायची नाही. बौद्धपुऱ्यातले दोघंतिघं रोज वानेवर जायचे. चैत्रात वानेला पाणी कुठलं? वाळू उकरून झिरा करायचा, त्यात पाणी पाझरायची वाट पाहायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. दीड कोस जायचं, दीड कोस यायचं, आणि आणलेलं पुरायचं नाही. विमलचे वडील जिनिंगच्या कामाला मलकापूरला गेले होते, त्यांना निरोपही पोचला नव्हता. भूगोलाचा पेपर उद्यावर होता. विमल शाळेत आली नाही.

दुपारची वेळ होती. उन्हानं गल्ल्या ओस पडलेल्या, माणसं ओसरीत पडलेली. मी गोड्या विहिरीवरून कळशी भरली आणि घराकडं न वळता खळ्यामागून बौद्धपुऱ्याकडं निघाले. कळशीवर फडकं टाकलं होतं.  मी फार मोठं काही करते आहे असं मला वाटत होतं. गुरुजींच्या धड्यातली, तहानलेल्याला पाणी देणारी बाई झाल्यासारखं वाटत होतं, हे कबूल करायला आता लाज वाटते.

विमल कुडाच्या दारातून बाहेर आली. डोळे सुजलेले. माझ्या कमरेवरची कळशी पाहिली आणि तिचा चेहरा असा उजळला की तो मला आजही दिसतो. ती आत धावली, रिकामी घागर घेऊन आली. दोन बाया पाणी ओततात तेव्हा सांडू नये म्हणून काठाला काठ टेकवतात. तशी ती घागर दोन्ही हातांनी धरून, तिचा काठ माझ्या कळशीच्या काठाकडं आणत उभी राहिली.

आणि माझा हात वर गेला.

मी ठरवून केलं नाही. कुणी पाहत नव्हतं, कुणाचा धाक नव्हता. पण लहानपणापासून डोळ्यांनी जे पाहिलं होतं ते हातात उतरलेलं होतं. कळशी एक वीत वर गेली आणि पाणी वरून पडायला लागलं. थोडं घागरीत, थोडं बाहेर. विमलनं वर पाहिलं. माझ्या तोंडाकडं नाही, त्या मधल्या वीतभर जागेकडं. मग तिनं घागर बाजूला घेतली. पाणी धुळीत पडलं, आणि मला कळेपर्यंत पडतच राहिलं. घागरीत जेवढं गेलं होतं तेही तिनं उपडं केलं.

"कुसमे, काठाले काठ लागला असता तं काय झालं असतं वं?"

 आतून तिच्या आईचं कण्हणं ऐकू येत होतं.

"नको मले असं पानी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी पहाटेच वानेवर जातो. पेपरच्या आधी येतो."

तिच्या त्या वेळच्या वागण्याचा मी उभा जन्म विचार केला आहे. आई आत मरणाच्या दारात आणि ही पोर पाणी उपडं करते, याला काय म्हणावं? आमच्या घरात हे कळलं असतं तर माज म्हणाले असते. पण तेरा वर्षांच्या त्या पोरीच्या मागं किती पिढ्या त्या काळ्या दगडापाशी उभ्या होत्या, आणि त्यांना तिथून उठवणारा एक नवा धर्म होता. तिनं तेवढं पाणी घेतलं असतं तर तिच्या घरच्यांनी खाऱ्या पाण्यावर काढलेली सगळी वर्षं त्या धुळीत गेली असती. गुरुजींचे ते तिघंही, जमीन, जमाना आणि धर्म, तिच्यात उभे होते. ते तर माझ्यातही उभे होते, त्यांनीच माझा हात वर नेला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना शाळेपुढं बैलगाडी जुंपलेली होती. परीक्षेचं केंद्र पश्चिमेला तीन कोसांवर. सगळी पोरं चढली. विमल नव्हती. गुरुजी गाडीभोवती फिरत होते, घड्याळ पाहत होते. "विमल कुठं गेली? पोट्टेहो, कोनाले माहीत हाय का?"  मी खाली मान घालून पुस्तक चाळत राहिले. गुरुजींनी अर्धा तास गाडी थांबवली. मग गाडीवानानं कुरकुर केली आणि निघालो.

गावाबाहेर एक टेकाड आहे. गाडी त्याच्यावर चढली तेव्हा मी मागं पाहिलं. सूर्य वर आला होता. पूर्वेला, वानेकडून येणाऱ्या पाऊलवाटेवर एक ठिपका दिसत होता. डोक्यावर घागर, एक हात वर. ती धावू शकत नव्हती, पाणी सांडलं असतं. भरभर चालत होती. मला ती चांगली दिसली. गुरुजी माझ्या समोरच बसले होते. मी एक शब्द बोलले असते तर गाडी थांबली असती. आणखी पाऊण तास थांबलो असतो तरी पेपर सुरू व्हायची दुसरी घंटा होण्याच्या आत पोचलो असतो. मी हे सगळं मनात मोजलं आणि गप्प बसले.

का? ती गाडीत आली असती तर माझ्याशेजारी बसली असती, आणि मला तिच्याकडं बघवलं नसतं. वानेवर काऊन गेलती, असं कुणीतरी विचारलं असतं आणि माझी कळशी घरी कळली असती. ही कारणं मी स्वतःला कैक वर्षं देत आले. तिसरं एक होतं. ती आली असती तर केंद्रात पहिली आली असती.

मी पहिली आले. गुरुजींनी पेढा दिला तेव्हा त्यांचे डोळे माझ्याकडं नव्हते. त्या पाण्यानं विमलची आई वाचली. विमल मात्र पुन्हा परीक्षेला बसली नाही; आई अंथरुणात, बाळ तिच्या कडेवर, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्नच झालं. मी शिकले, मास्तरीण झाले.

गुरुजींना मी दोष देत नाही, पण एक गोष्ट मनात येते. गोड्या विहिरीच्या एका अंगाला मुसलमानांचा रहाट होता. गुरुजींच्या घरचं पाणी तिथूनच जायचं. अरबस्तानातल्या पाण्याबद्दल ते इतकं बोलले, पण त्या चपट्या दगडाबद्दल कधीच नाही. त्यांनाही त्याच गावात राहायचं होतं.

मग मीही तोच धडा शिकवत राहिले. जपान, हॉलंड, अरबस्तान. पाण्याच्या तुटवड्यानं वाळवंटातल्या माणसाला देणं शिकवलं, असं मी फळ्यावर लिहायची आणि खडू खाली ठेवायची. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, आपल्या खारपानपट्ट्यातही तं गोडं पानी नाही. मंग आपल्याले काऊन नाही शिकवलं?" वर्ग हसला. मी तिला म्हटलं, "असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत. बस खाली." ती बसली.  टंचाई तीच, तहान तीच. तिकडं माणसं पाणी द्यायला शिकली आणि आम्ही त्याला पहारा द्यायला शिकलो. याचं उत्तर मला नकाशात सापडलं नाही.

मागच्या चैत्रात गावी गेले होते, पुतण्याच्या तेराव्याला. वय पंचेचाळीस, किडन्या गेल्या. आमच्या भागात आता घराआड असं एकेक माणूस आहे. वान धरणाचं पाणी नळाला येतं, काही घरी प्लॅस्टिकचे जार येतात. पण जुनी माणसं जन्मभर जे खारं पाणी प्यायली ते त्यांच्या अंगात आहेच. गोडी विहीर कचऱ्यानं भरली आहे. काळा दगड कुणीतरी नालीवर टाकला आहे, त्यावरून बकऱ्या जातात.

बौद्धपुऱ्यात पंचशीलाचा झेंडा असलेल्या एका पक्क्या घरासमोर विमल बसली होती. नवरा किडनीनंच गेला, तेव्हापासून ती भावाकडं राहते, त्याच बाळंतपणातल्या भावाकडं. तिनं मला लगेच ओळखलं. "ये वं कुसमे," म्हणाली, जसं काही मी कालच येऊन गेले होते. आत गेली, तांब्या आणि गिलास घेऊन आली. मला काय झालं कोण जाणे, मी खाली वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

तिनं तांब्यातून गिलास भरला.

"हात सोड," ती म्हणाली. "गिलासानं पी. आमच्यात कोनालेच वरून देत नाहीत."

मी गिलास घेतला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली.  मी सांगायला सुरुवात केली, टेकाडावरून तू मला दिसली होतीस, मी गुरुजींना... तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, बरं झालं सांगितलंस असंही म्हणाली नाही. 

"झिराच भरत नव्हता त्या दिवशी," ती रस्त्याकडं पाहत म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "भूगोलात काय आलतं वं?"

साठ वर्षं झाली तरी तो प्रश्न मला शब्दन् शब्द पाठ आहे. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण मी सांगितलं, "वाळवंटी प्रदेशातील लोक तहानलेल्याला पाणी देणे हा धर्म का मानतात? कारणे लिहा."

विमलनं डोळे मिटले. पाठ म्हणताना हलायचे तसे तिचे ओठ जरा हलले आणि थांबले.

"मले येत होतं," ती म्हणाली.